मधली शाळा : नांदेड-लातूरच्या सरकारी पाचवी-आठवीची हकिकत

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या छायाचित्राने सुरू होतो. पुढे पहिले कार्यकारी मंडळ, भाड्याच्या वाड्यात भरलेले पहिले वर्ग, जमीन देणाऱ्या दात्याचे ऋण, मग रौप्यमहोत्सव. नांदेड-लातूरकडच्या तालुक्याच्या गावातली जिल्हा परिषद शाळा घेऊन बसले की यातले काहीच हाताला लागत नाही. तिला संस्थापक नाही, घटना नाही, आजीव सभासद नाहीत. पायाभरणीचा दगड असलाच तर तो कुठल्यातरी दोन खोल्यांचा असतो. मालक मात्र बदलत गेले. आधी निजाम सरकार, मग हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६२ पासून जिल्हा परिषद. शाळा बहुतेक ठिकाणी त्याच आवारात, त्याच चिंचेखाली राहिली.

म्हणून हा इतिहास पटाच्या आधाराने लिहिला आहे. पट किती, तो कोणी मोजला आणि कशासाठी मोजला, एवढे धरून चालले तरी शंभर वर्षांची गोष्ट सरळ उभी राहते. त्यातही लक्ष पाचवी ते आठवीवर ठेवले आहे. पहिली-चौथीला गाव सांभाळते, दहावीला बोर्ड. मधल्या वर्गांकडे सगळ्यांनी सवडीने पाहिले, आणि सवड फारशी कोणाला मिळाली नाही.

या शाळांचे एकमेव खरे दप्तर म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या वर्गात आला, कोणत्या वर्गातून गेला, का गेला. निजामी काळातली ही रजिस्टरे उर्दूत. वर्षानुवर्षे ती कपाटाच्या तळाशी पडून होती. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाले, कुणबी नोंदींचा शोध निघाला आणि मराठवाड्यातल्या हेडमास्तरांना एकाएकी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज भासू लागली. जातीच्या रकान्यासाठी का होईना, रजिस्टरे उजेडात आली. त्याच पानावरचा ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना मात्र कोणी पाहिला नाही. आमच्या विषयाचे सगळे मर्म त्याच रकान्यात आहे.

वस्तानिया

निजामाच्या राज्यात शाळांच्या तीन पायऱ्या होत्या. खाली तहतानिया, मध्ये वस्तानिया, वर फोकानिया. तहतानिया म्हणजे प्राथमिक, फोकानिया म्हणजे हायस्कूल. वस्तानिया ही मधली, इंग्रजी अमलातल्या भागात जिला मिडल स्कूल म्हणत ती. फोकानियापर्यंत पोहोचणारे थोडे. सामान्य शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या पोराची धाव तालुक्याच्या वस्तानियापर्यंत. ‘मिडल पास’ झाला की तहसिलीत कारकुनी मिळण्याची आशा. आजही वयस्कर माणसे एखाद्याचे शिक्षण सांगताना ‘मिडलपर्यंत शिकलेला’ असे म्हणतात, त्यामागे ही परीक्षा आहे.

अडचण भाषेची होती. खालच्या वर्गांत मराठी, कानडी किंवा तेलुगू थोडीफार शिकायला मिळे. वर चढायचे तर उर्दू. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचा मोठा प्रयोग केला. वैद्यक, विज्ञान, कायदा हे सगळे विषय उर्दूत आणण्यासाठी तिथे जे भाषांतराचे काम झाले त्याचे मोल आपण मराठीवाले नीट करीत नाही. पण कंधारच्या किंवा अहमदपूरच्या पोराला ती देशी भाषाही परकीच. त्याची गळती वस्तानियाच्या उंबरठ्यावरच व्हायची.

खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी, आणि ती सहजी मिळत नसे. तरी काही शाळा उभ्या राहिल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, अंबाजोगाईची योगेश्वरी. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व शाळामास्तराकडे गेले ते योगायोगाने नव्हे; मराठी वाचणारी, विचारणारी मुले एकत्र सापडत ती याच मोजक्या शाळांत. सरकारी वस्तानियातून सरकारला कारकून मिळाले, खासगी शाळांतून चळवळीला कार्यकर्ते. हे वर्गीकरण थोडे ढोबळ आहे, पण फार चुकीचे नाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर माध्यम बदलले. ज्या गुरुजींचे स्वतःचे शिक्षण उर्दूत झाले होते त्यांनी मराठीतून शिकवायला सुरुवात केली. क्षेत्रफळाचे ‘रकबा’ आणि बेरजेचे ‘जमा’ त्यांच्या तोंडून पुढे कितीतरी वर्षे गेले नाहीत. त्यांच्यावर हसणारे खूप झाले. माध्यम बदलूनही शाळा बंद न पडता चालू राहिली ती या हसण्याचा विषय झालेल्या मास्तरांमुळे, हे नोंदवून ठेवायला हवे.

मग १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादेत आले. नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादला गेला, देगलूरचा बिचकुंदा-जुक्कलचा भाग निजामाबादला. किनवट आदिलाबादेतून नांदेडला आला. सीमेवरच्या शाळांत एकाच बाकावर मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि किनवट-माहूरकडे गोंडी, कोलामी व बंजारा बोलणारी मुले बसत होती, आजही बसतात. गुणवत्तेची तुलना पुण्या-साताऱ्याशी करताना ही गोष्ट सोयीने विसरली जाते.

प्रशाला

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा तर त्यांच्याकडे आल्याच, पण मराठवाड्यात आणखी एक गोष्ट घडली. हैदराबाद राज्याची सरकारी हायस्कुलेही बहुतेक परिषदेकडे आली. पश्चिम महाराष्ट्रात रयत आणि इतर संस्थांनी माध्यमिक शिक्षण उभे केले होते. तिथे जिल्हा परिषदेचे हायस्कूल ही दुर्मीळ वस्तू. आमच्याकडे तालुक्याचे पहिले हायस्कूल म्हणजे परिषदेचेच. त्याला नाव ‘जिल्हा परिषद प्रशाला’. नांदेडच्या वजिराबादेतले मल्टीपर्पज हायस्कूल हे त्यातले सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली होती, तिची खूण या नावात राहिली. आज गावात मल्टीपर्पज म्हटले की शाळेआधी मैदान आठवते, हा भाग वेगळा.

या व्यवस्थेमुळे तालुक्याच्या गावात पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच मालकाच्या शाळा झाल्या. निदान कागदावर. प्रत्यक्षात प्राथमिक विभाग वेगळा, माध्यमिक वेगळा, दोघांचे शिक्षणाधिकारी वेगळे. पाचवी ते सातवी कुठे प्राथमिक शाळेला जोडलेली, कुठे प्रशालेला. एकाच गावात दोन्हीकडे पाचवी भरायची आणि जूनमध्ये परिषदेच्याच दोन शाळांचे गुरुजी त्याच पोरांसाठी दारोदार फिरायचे.

तरीही साठ आणि सत्तरचे दशक हा या शाळांचा भराचा काळ. दुसरी शाळा नव्हती हे त्याचे पहिले कारण, आणि ते प्रामाणिकपणे आधी सांगितले पाहिजे. सावकाराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच तुकडीत, कारण सावकारालाही पर्याय नव्हता. गावाचे लक्ष शाळेवर राहिले ते त्यामुळे. मास्तर उशिरा आला तर जाब विचारणारा पालक बोलण्याची ताकद असलेला होता. चौथीच्या आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तालुक्याच्या शाळेची नावे येत. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले होते, तिथल्या पदवीधरांपैकी कितीतरी जण याच शाळांतून गेलेले आणि याच शाळांत शिक्षक म्हणून परतलेले.

बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामांवर आईबापांबरोबर मुले गेली, सुकडी जिथे मिळेल तिथे. वर्गात पट होता, पोरे नव्हती. पट आणि उपस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच उघड झाले होते. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरच्या डोंगराळ पट्ट्यातून ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांसाठी ती गोष्ट दर वर्षाची झाली. दिवाळी झाली की वर्ग अर्धा, आणि होळीनंतर परत आलेले पोर मागच्या बाकावर गप्प. सहावीत दोनदा असे झाले की सातवीला ते येतच नाही. रजिस्टरात कारण काय लिहिणार? ‘सतत गैरहजर’.

मुलींची गळती याहून वेगळी. लहान गावात चौथीपर्यंत शाळा, पाचवीला शेजारच्या मोठ्या गावी पायपीट. चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये तीन किलोमीटरचा रस्ता असायचा आणि त्या रस्त्यावर मुलींचे शिक्षण संपायचे. एसटीचा मोफत पास आला, काही मार्गांवर मानव विकासच्या निळ्या बस आल्या, त्या मुख्यतः आठवीपासून पुढच्या मुलींसाठी. ज्या गावांना बस लागली तिथे प्रशालेतला मुलींचा पट वाढला, हे कोणत्याही जुन्या हेडमास्तराला विचारून पाहा.

योजनांची यादी आणि मधली जागा

लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून वेगळा जिल्हा झाला, त्याची वेगळी जिल्हा परिषद झाली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांतल्या योजना ओळीने पाहिल्या तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. १९८७ ची खडू-फळा मोहीम सुरू झाली प्राथमिक वर्गांपासून. दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता आला तो पहिली ते चौथीच्या मुलींसाठी. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रात आला तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नांदेड आणि लातूर दोन्ही होते. स्त्री-साक्षरता कमी म्हणून निवड झाली. पैसा आला, खोल्या झाल्या, प्रशिक्षणे झाली, तीही प्राथमिकची. १९९५ ला पोषण आहाराचा तांदूळ आला, पुढे खिचडी शिजू लागली, पण सहावी ते आठवीच्या पोरांच्या ताटात ती पडायला २००८ उजाडले. पाचवीपर्यंत जेवलेले पोर सहावीत गेले की शेजारच्या वर्गाचा वास घेत बसायचे. हे कोणी दुष्टपणाने केले असे नाही. दिल्लीत आणि मुंबईत ‘प्राथमिक’ आणि ‘माध्यमिक’ अशा दोन फायली होत्या आणि मधला वर्ग एकाही फाईलच्या तोंडपानावर नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ ची नोंद इथे करायला हवी. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा आणि उमरगा-लोहाऱ्याकडची गावे गेली, सुमारे आठ हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. तोच ३० सप्टेंबर १९९३ हा देशाच्या सहाव्या अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षणाचा संदर्भ दिवस होता. देशभरच्या शाळांनी त्या तारखेचा पट कळवायचा होता. पुढे ५२ गावांचे पुनर्वसन झाले, सिमेंटच्या भक्कम शाळा झाल्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांतली अनेक शिकली, मोठी झाली. पुनर्वसित गावांत शाळेची इमारत मूळ गावातल्यापेक्षा चांगली झाली आणि वर्ग मात्र बराच काळ लहान राहिले.

याच काळात लातूरचे नाव राज्यभर वेगळ्याच कारणाने गाजत होते. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात आकाराला आलेली सराव-चाचण्यांची शिस्त आणि तिला पडलेले नाव, ‘लातूर पॅटर्न’. दहावीच्या गुणवत्ता यादीत देशिकेंद्र, केशवराज ही नावे वर्षानुवर्षे झळकली. मराठवाड्याच्या न्यूनगंडावर त्याने चांगला उतारा दिला, ही गोष्ट कोणी नाकारू नये. पण त्याची किंमत कोणी मोजली? चाकूर, रेणापूर, औसा, लोहा, मुखेड इथला बऱ्यापैकी शिकणारा मुलगा आधी अकरावीला लातूरला जायचा. मग आठवीला जाऊ लागला. मग पाचवीला. खोली भाड्याने घेऊन आई मुलांसह लातूरला आणि बाप गावी शेतावर, अशी घरे तालुक्यातालुक्यात झाली. त्यातून उरलेल्या हुशार पोरांपैकी दोन-चार नवोदयला; लातूरला नवोदय, नांदेड जिल्ह्यात शंकरनगरला. एखादा औरंगाबादच्या विद्यानिकेतनात. वर्गाला पुढे ओढणारी पोरे पाचवीतच गेली. वर्गातले उरलेले पंचवीस जण शिकत नाहीत असा शेरा मग सोपा झाला.

तालुक्यातच खासगी अनुदानित, विनाअनुदानित, आणि पुढे इंग्रजी शाळा निघाल्या. त्यातल्या काही उत्तम आहेत. पुष्कळ शाळा संस्थाचालकाचे राजकारण चालवण्यासाठी निघाल्या, हेही सर्वांना माहीत आहे. परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींची स्वतःची मुले कुठे शिकतात हा प्रश्न याच काळात गावाने विचारायला सुरुवात केली. प्रश्न बोचरा होता आणि रास्त होता.

शाई

आता नांदेडच्या प्रकरणाकडे. या जिल्ह्याने राज्याच्या शालेय इतिहासात जे सर्वांत महत्त्वाचे काम केले ते एखादी शाळा काढून नव्हे, पोरे मोजून केले.

पटावर काय काय अवलंबून होते ते आधी पाहू. पटावर तुकडी, तुकडीवर शिक्षकाचे पद, पदावर वेतन अनुदान. पटावर तांदूळ: पाचवीपर्यंत दिवसाला शंभर ग्रॅम, सहावीपासून दीडशे. पटावर पुस्तके, गणवेश. वसतिगृह असेल तर तेही पटावर. एक नाव वाढले की चार ठिकाणी पैसा हलायचा. मग नावे वाढू लागली. लातूरला शिकवणीला गेलेल्या पोराचे नाव गावात जिवंत राहिले. ऊसतोडीला गेलेल्यांची हजेरी रोज भरली. एकच पोर इंग्रजी शाळेत शिकायला आणि परिषदेच्या शाळेत खिचडीच्या पटाला. काही नावांना तर पोरच नव्हते. खासगी संस्थांत हे जास्त होते. परिषदेच्या शाळाही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या.

डॉ. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी असताना २०१० मध्ये आधी परीक्षेतल्या कॉपीवर घाला आला. दहावी-बारावीच्या केंद्रांवर भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारी जत्रा बंद झाली. निकाल घसरला. पालक चिडले, संस्थाचालक चिडले, आणि शिक्षकांपैकी ज्यांना खरोखर शिकवायचे होते ते मनातून सुखावले. ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव कॉपीमुक्तीला पडले आणि नंतर राज्याने तो उचलला. त्या घसरलेल्या निकालाचा अर्थ तेव्हा कोणी नीट लावला नाही. दहावीत नापास झालेले पोर दहावीत कच्चे राहिलेले नव्हते. त्याला अपूर्णांक आणि वाक्यरचना आली नव्हती, म्हणजे ते सहावीत कच्चे राहिले होते, आणि सातवीची शिष्यवृत्ती सोडली तर सहावी-सातवीत कोणी बाहेरून मोजत नव्हते. चौथीचे यश शिष्यवृत्तीने दिसे, दहावीचे बोर्डाने. मधली वर्षे बहुतेक अंधारात.

त्यानंतर पटपडताळणी झाली. महसूल खात्याची माणसे एकाच वेळी शाळाशाळांत पाठवून पोरे प्रत्यक्ष मोजली गेली. एकट्या नांदेड जिल्ह्यात लाखाहून अधिक नावे खोटी निघाली. सरकारला गप्प बसता येईना. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि शालेय शिक्षणमंत्री राजेंद्र दर्डा यांच्या काळात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सबंध महाराष्ट्रात पडताळणी झाली. सकाळी एका शाळेत मोजलेले पोर दुपारी जीपमध्ये घालून दुसऱ्या शाळेत नेले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानाची असते तशी शाई लावली. राज्यभरात सुमारे वीस लाख मुले पटावर होती आणि वर्गात नव्हती. १,४०४ शाळांत निम्म्याहून अधिक पट गैरहजर सापडला. पुढे उच्च न्यायालय, गुन्हे, मान्यता काढण्याच्या नोटिसा, आणि मग नेहमीची दिरंगाई. शिक्षा किती जणांना झाली हा विषय काढला की नांदेडकर आजही हसतात.

पण एक गोष्ट कायमची झाली. पट ही तपासता येणारी वस्तू आहे हे मान्य झाले. २०१५ नंतर ‘सरल’ या संगणकीय प्रणालीवर प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद, पुढे आधार जोडणी, हे सगळे त्या शाईच्या मागून आले. खरा पट कळला तेव्हा तो लहान निघाला, आणि लहान पटाची नवी भीती शाळांच्या मानगुटीवर बसली.

हक्क, पट आणि वीसचा आकडा

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याने आमच्या मधल्या शाळेला पहिल्यांदा स्वतःची ओळख दिली: सहावी ते आठवी हा एक गट. वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत शाळा. पस्तीस मुलांमागे एक शिक्षक. गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना वेगवेगळे शिक्षक. शंभरावर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. कायदा चांगला, पण महाराष्ट्राची घडण चौथी-सातवी-दहावी अशी. चौथीच्या शाळेला पाचवी आणि सातवीच्या शाळेला आठवी जोडायची ठरली, तेव्हा खासगी हायस्कुलांचे पाचवी आणि आठवीचे वर्ग आडवे आले. त्यांच्या तुकड्या त्यावर उभ्या होत्या. बऱ्याच गावांत परिषदेच्या शाळेला आठवी मंजूर झाली आणि आठवीला पोर आले नाही. सातवीचा दाखला घेऊन ते शेजारच्या विद्यालयात गेले, कारण तिथे दहावीपर्यंत एकाच छताखाली राहता येते. पालकाचा हा हिशेब अगदी बरोबर आहे. त्याला दोष देणाऱ्या भाषणांचा काही उपयोग नाही.

२२ जून २०१५ च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये झालेले काम पाहायला आमच्याकडून गाड्या भरून शिक्षक गेले. परत येऊन त्यांनी वर्गाच्या फरश्या रंगवल्या, भिंती बोलक्या केल्या, काड्या-खडे-मणी आणले. पहिली-दुसरीचे वाचन खरेच सुधारले, हे पाहिलेले लोक आहेत. इंग्रजी शाळेतून परत आलेल्या मुलांच्या बातम्या छापून आल्या, त्यातल्या काही तरी खऱ्या होत्या. सातवीच्या वर्गात मात्र फरशी रंगवून भागत नाही. तिथे विज्ञान शिकवणारा माणूस लागतो.

करोनाच्या टाळेबंदीनंतर पट अचानक वाढला. पुण्या-मुंबईहून घरे परतली, खासगी शाळांची फी परवडेना. ‘असर’ पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांत शिकणाऱ्या ६ ते १४ वयाच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६१ टक्क्यांच्या पुढे होते, ते २०२२ मध्ये ६७ च्या पुढे गेले. ही मुले टिकवण्याची संधी होती. त्या वर्षांत शिक्षकभरती रखडलेली, एकेका गुरुजीकडे दोन-दोन वर्ग. आलेली मुले पुढच्या एक-दोन वर्षांत पुन्हा गेली.

आणि मग वीसचा आकडा. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याची यादी निघाली होती. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे आला. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांवर नेम धरला: पट वीसच्या खाली असेल तर त्या गटाला नियमित शिक्षकाचे पद नाही. शिक्षक संघटनांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले. डोंगरी पट्ट्यातल्या आणि तांड्यांवरच्या शाळांना याचा अर्थ लगेच कळला. शिक्षक नाही म्हणून पोर जाते, पोर गेले म्हणून शिक्षक जातो. आणि तीन किलोमीटरचा तो जुना रस्ता सहावीतल्या मुलीपुढे पुन्हा उभा राहतो.

२०११ च्या जनगणनेत लातूरची साक्षरता ७७ टक्के, नांदेडची ७५, राज्याची ८२. निजामी काळात ही दरी किती खोल होती हे आठवले तर मधल्या साठ वर्षांत ती भरून काढणारी संस्था कोणती, याबद्दल शंका राहू नये. लातूर पॅटर्नने डॉक्टर आणि इंजिनिअर दिले. सही करणारा, सातबारा वाचणारा, बचतगटाचा हिशेब ठेवणारी, पंचायतीत बोलणारी माणसे या पट मोजून मोजून दमलेल्या शाळांनी दिली. गुणवत्तेच्या चर्चेत आम्ही या शाळांना कमी गुण देतो तेव्हा त्यांच्याकडे आलेली मुले कोणत्या घरातली होती हा रकाना रिकामा सोडतो. शाळांचा दोष नाही असे मुळीच नाही. आळशी मास्तर आम्हीही पाहिले आहेत. पण मधल्या वर्गांची मालकी प्राथमिक, माध्यमिक आणि खासगी अशा तिघांत वाटली गेली आणि जबाबदारी एकाचीही राहिली नाही, हे पट घसरण्याचे पहिले कारण आहे. मास्तर दुसरे.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. शिष्यवृत्तीही मधली काही वर्षे चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली होती. निदान मोजमाप तरी आता मधल्या वर्गांपर्यंत पोहोचले.

या स्मरणिकेच्या वाचकांत अशा शाळांचे माजी विद्यार्थी पुष्कळ असतील. कोणी नोकरीत, कोणी व्यापारात, कोणी सदस्य, सभापती. त्यांना शाळेला काही द्यावेसे वाटते तेव्हा बहुधा कमान दिली जाते. कमान नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात; आपल्या गावच्या समितीच्या बैठकीला एकदा जाऊन बसा आणि सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक आहे का एवढेच विचारा. नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे समितीबरोबर जा. जुने दाखल-खारीज रजिस्टर वाळवीच्या तोंडी असेल तर त्याची छायाप्रत काढून द्या. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या तारखेच्या आत गावातले प्रत्येक खरे पोर पटावर आणि वर्गात असेल, हे पाहा.